खंडेनवमीचे जादा तास

"मी तिथे नव्हते. पण मीच लिहिलेलं टूल सांगतंय, मी होते!"

रुतिका मढवी खुर्चीत धड बसलीही नव्हती. वाशीतल्या आपल्या लहानशा ऑफिसात गुप्तहेर जयमाला शांतपणे ऐकत होती. तिचा सहकारी बंडू मात्र पहिल्याच वाक्यात गांगरला.

"टूल म्हणजे पाना-पक्कड?"

रुतिकाने समजावलं. सानपाड्याचा तिचा गट कॉम्प्युटरसाठी खुला डेस्कटॉप बनवत होता. कोड कुणीही बघावा, कुणीही वापरावा. त्यात कामाची वेळ मोजणारं टूल घालायचं होतं. ते तिने लिहिलं आणि चाचणीसाठी आधी गटातल्याच मशीनवर बसवलं. खंडेनवमीला पूजा करून ऑफिस बंद झालं. तरी टूलने तिच्या नावावर रात्रभर काम नोंदवलं.

"आशुतोषसर म्हणतात, मी तास फुगवले. संध्याकाळपर्यंत कबूल कर, नाहीतर गटातून बाहेर. मॅडम, मला खरंच काही कळत नाहीये."

जयमालाने शिरवण्याला रुतिकाच्या आईला, येसूबाईंना, फोन लावला.

"माजी पोर घरानच व्हती! पावनी आलती, रातभर माज्या बाजूला झोपली व्हती. चोर हाय का ती?"

"आई लेकीच्याच बाजूने बोलणार," बंडू पुटपुटला. त्याचं नेहमीचंच.

रुतिकासोबत दोघं सानपाड्याला गेले, तेव्हा गटप्रमुख आशुतोषने नोंद उघडून दाखवली. "बघा. रुतिकाचा माऊस दर मिनिटाला हललाय. एकदाही खाडा नाही."

"टाइप काय केलं?" जयमालाने विचारलं.

"एक अक्षर नाही."

"चहालासुद्धा उठली नाही बिचारी?" बंडूला भलतीच काळजी.

ऑफिसची चावी गटातल्या मनस्वीकडे असे. ती आधीच रडवेली झाली होती.

"कुलूप मीच लावलं, सकाळी मीच उघडलं. मशीन तेवढ्या चालू ठेवल्या. सर म्हणाले, पूजेला काळी स्क्रीन बरी दिसत नाही."

"आणि माऊस?"

"सगळ्यांचे चौरंगावर. वायरलेस आहेत ना. एकदा पूजा झाली की सकाळपर्यंत अवजारांना हात लावायचा नाही."

"चावी हिच्याकडे, म्हणजे हीच!" बंडू जयमालाच्या कानात म्हणाला. मग जेवणाची वेळ झाली का ते पाहायला त्याने भिंतीकडे मान वळवली. "काय हो, घड्याळाच्या काचेवर कुंकू कुणी फासलं? बाराचा आकडाच दिसत नाही."

जयमालाने घड्याळाकडे पाहिलं. मग रुतिकाचा माऊस उचलून उलटा केला. त्याच्याही पोटाला कुंकू लागलं होतं. तिने बाकीचे माऊसही उलटून पाहिले. ते स्वच्छ होते.

"सगळ्यांना बोलवा," ती म्हणाली.

तिने घड्याळ काढून टेबलावर आडवं ठेवलं आणि काचेवर रुतिकाचा माऊस ठेवला. कुणी हात लावला नाही. तरी थोड्या वेळाने समोरच्या स्क्रीनवरचा बाण टुणकन सरकला.

"भूत!" बंडू दोन पावलं मागे.

"सेकंदकाटा," जयमाला म्हणाली. "तो पोटाखालून गेला की माऊसला वाटतं, आपणच हललो. म्हणून दर मिनिटाला एकदा, आणि म्हणूनच एकही अक्षर नाही. माणूस रात्रभर इतका नेमाने वागत नाही. आशुतोष, पूजा कुणी मांडली?"

आशुतोषचा चेहरा पडला. "मी. यंदा वेळेचं टूल, म्हणून घड्याळही पूजलं. आणि टूल रुतिकाचं, म्हणून तिचा माऊस मानाने त्याच्यावर ठेवला."

"रात्री मान दिलात, सकाळी चोर ठरवलीत. ती कुठे होती, हे तिला विचारलंत?"

"टूल सांगतंय म्हटल्यावर विचारायचं काय..." त्याची नजर घड्याळावर गेली.

"सुटली पोरगी!" बंडूने टाळी वाजवली.

रुतिका हसली नाही. आरोप तिच्या मनाला फार लागला होता. ती मशीनसमोर जाऊन बसली.

"सर, टूल आज डेस्कटॉपमध्ये जाणार नाही. एक बदल करतेय. ज्याचे तास, त्यालाच दिसतील. प्रमुखालाही नाही."

"आणि कुणी खरंच फसवलं तर?"

"तर त्याला विचारा. तरी पटलं नाही, तर त्याच्या आईला फोन करा."

आशुतोषने रुमाल काढला आणि घड्याळाची काच पुसायला घेतली.