घाई आली त्या रात्री

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. तो वायरमन. न दिसणाऱ्या गोष्टींपैकी फक्त विजेला भ्यायचा, बाकी भुताखेतांना हसायचा.

त्याच्या गल्लीच्या टोकाला सायकली दुरुस्त करणारा म्हातारा राहायचा. त्याची एकुलती मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, म्हणून सगळे तिला घाईच म्हणायचे. नवरा सोडून गेलेला, गावात काम नाही. अकरा महिन्यांची अंगावर पिणारी लेक बापाकडे ठेवून ती शहरात गेली. काम काय, तर दुसऱ्याचं तान्हं सांभाळायचं. बापाकडे फोन नव्हता, म्हणून मालकिणीला तिने साडूचा नंबर देऊन ठेवला होता.

महिना झाला असेल. मंगळवारी रात्री सव्वादहाला मालकिणीचा फोन आला. संध्याकाळी कपडे वाळत घालताना घाई चौथ्या मजल्यावरून पडली. जागीच गेली.

निरोप तर द्यायलाच हवा. साडू पाय ओढत निघाला. पाहतो तर म्हातारा पायरीवर बसलेला, चेहरा उजळलेला. साडूने तोंड उघडायच्या आत त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. घाई आलीये. पोरीला पाजतेय आत."

साडू तिथेच बसला. म्हातारा हलक्या आवाजात सांगत राहिला. दिवेलागणीला आली, वाळलीये फार. जेवली नाही, बोलली नाही, पोर तेवढी उराशी धरली. महिनाभर रात्र रात्र रडणारी पोर आज कशी गप्प आहे बघ, म्हणाला.

दार लोटलेलं होतं. आतून गुणगुण येत होती. बांगड्या किणकिणल्या. बाळाचे घुटके...

साडू ऐकत राहिला.

गुणगुण थांबली.

बराच वेळ काहीच नाही...

साडूने दार ढकललं. एकच खोली. मागे दार नाही, खिडकी नाही. टॉर्च फिरवला. चटईवर पोर. एकटी. गाढ झोपलेली.

"निघाली पण?" म्हातारा दारातून म्हणाला. "मला न सांगता?"

तेव्हा साडूने सांगितलं.

म्हातारा रडला नाही. पोरीजवळ बसला. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. आणि त्याचा हात तिथेच थांबला...

पोरीच्या शेजारी चटई ओली होती. तळहाताएवढी. अजून कोमट.

त्याने बोटं नाकाशी नेली. मग साडूपुढे धरली.

दुधाचा वास होता.