मधाच्या रंगाची वाइन

विश्रामबागेतल्या दवाखान्यात राजेश्वरीताई बसल्या होत्या. आत त्यांचे पती शंभूराज दुपारपासून बेशुद्ध होते.

"एकाच बाटलीतली वाइन सगळ्यांनी घेतली. मलाही गरगरतंय. आम्ही सगळेच जाणार का हो?"

त्यांच्या फोनवरून खासगी तपासनीस सृष्टी माने साताऱ्याहून तातडीनं आली होती. सोबत तिचा सहकारी बिराप्पा, जतचा निवृत्त हवालदार.

डॉक्टर बाहेर आले. "वाइनमध्ये झोपेचं औषध होतं. कोणतं ते कळलं तरच उतारा देता येईल. श्वास मंदावतोय."

"घरी कोण होतं?" सृष्टीनं विचारलं.

"आम्ही दोघं, माझा भाऊ इंद्रजित आणि साईराज, ह्यांचा मित्र. बाटली इंद्रजितनं जॉर्जियाहून आणली. एरवी आम्ही नाशिकचीच घेतो. उघडून बराच वेळ टेबलावर ठेवली होती."

"चव कशी होती?"

"रंग मधाचा, म्हणून गोड असेल वाटलं. तोंडात मात्र कोऱ्या चहासारखी तुरट! पण आवडली."

मग तिनं इंद्रजितला बाजूला घेऊन विचारलं. त्याच्या डोळ्यांवर झापड होती. "जीभ आवळून येते, मागून जर्दाळूचा वास. दाजी इतके खूश झाले की अर्धी बाटली त्यांनीच संपवली. बाटली उघडायच्या आधी साईराजला म्हणाले होते, तुझी वाइन दुसऱ्याच कुणाचीतरी लागते, उद्या स्पर्धेत बघतो."

साईराजनं पलूसजवळ वायनरी काढली होती. तो बाहेर व्हरांड्यात एकटाच होता. सृष्टी तिथं गेली, तेव्हा घाम पुसत म्हणाला, "उद्या साताऱ्याच्या स्पर्धेत माझी वाइन आहे, शंभूराज परीक्षक. मलाही गरगरतंय. ग्लास भरले तेव्हा मला फोन आला, मी गॅलरीत गेलो. ग्लास तिथंच संपवला."

"कशी वाटली?"

"छान! हलकी, गोड. सरबतच."

बिराप्पा कुजबुजला, "मॅडम, मेव्हण्याला धरा. बाटली त्येचीच हाय."

"आवं हवालदार, उघडी बाटली टेबलावर होती. औषध कुणीही टाकलं असेल. ती प्यायलं कोण नाही, ते बघा."

तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"जॉर्जियात पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवतात. म्हणून रंग मधाचा आणि चव तुरट. ज्यानं घोट घेतला, तो तिला सरबत म्हणणार नाही. साईराज, तुम्ही नुसता रंग पाहिलात. सगळे चवीबद्दल बोलत होते, तेव्हा तुम्ही गॅलरीत होतात. ग्लास खाली ओतलात, कारण आत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक होतं."

"मी कशाला..."

"स्पर्धेतल्या बाटलीवर नाव तुमचं, आतली वाइन दुसऱ्याची. उद्या शंभूराज ते ओळखणार होते."

राजेश्वरीताईंनी त्याची कॉलर धरली. "काय घातलंस रं? बोल! माझा माणूस चाललाय!"

साईराज दाराकडे सरकला. दारात बिराप्पा उभा होता.

"मारायचं नव्हतं वहिनी... उद्या स्पर्धेला पोचू नये, एवढंच. तो इतकी पिईल असं वाटलं नव्हतं."

"नाव!" सृष्टी ओरडली.

त्यानं गोळ्यांचं नाव सांगितलं. डॉक्टर आत धावले.

काचेपलीकडे छाती हलते की नाही, ते राजेश्वरीताईंना कळेना. मग शंभूराजांना ठसका लागला आणि त्यांनी मोठा श्वास घेतला.

नर्सनं दार उघडलं. "आत या. तुम्हाला हाक मारतायत."

ताई उठल्या, पण गरगरून पुन्हा खाली बसल्या. बिराप्पानं त्यांना लहान लेकरासारखं हाताला धरून आत नेलं.