तळाचा वास

धाकटी साबणाच्या कारखान्यात कामाला होती. आलेल्या सुगंधी तेलांचे नमुने हुंगायचे आणि भेसळ असली की पिंप परत पाठवायचं, एवढंच काम. पण त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारखान्यात तिला नाकबाई म्हणत, आणि तीही ते नाक जरा वरच ठेवून चालायची.

त्यामुळे थोरल्या बहिणीनं, ताईनं, झोप यावी म्हणून कुठल्याशा बाईंकडून लव्हेंडरचं तेल आणलं तेव्हा हिच्या कपाळाला आठी पडली. भाऊजी वारल्यापासून ताईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दाराआड त्यांचा कोट लटकायचा आणि त्याच्याकडे बघत ती टक्क जागी राहायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकटी राहणारी धाकटी दोन-चार रात्री सोबतीला येऊन निजली, तिचा निळा स्वेटर ताईकडेच राहिला; शेवटी तिनंही हात टेकले होते.

"लव्हेंडरनं झोप लागते, पेपरमिंटनं डोकेदुखी उतरते, निलगिरीनं नाक मोकळं होतं. तूच सांगायचीस ना?" ताई म्हणाली.

"तेल खरं असेल तर. ही असली माणसं काय वाटेल ते बाटलीत भरतात."

पण ताई झोपायला लागली. उशाशी वाफेचा दिवा, त्यात थोडे थेंब, की सकाळपर्यंत ढाराढूर. चेहऱ्यावर तुकतुकी आली. धाकटीला आनंदच झाला. पण संशय काही पाठ सोडेना. अशातच एका सकाळी ती ताईकडे गेली तर दाराआडचा कोट जागेवर नव्हता.

"कोट कुठाय गं?"

"कुठला?"

"भाऊजींचा."

पाहुण्याचा विनोद कळला नाही की आपण हसतो ना, तशी ताई हसली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

धाकटीनं गुपचूप बाटली उचलली ती थेट कारखान्यात नेली. कागदाच्या पट्टीवर थेंब घेतला. लव्हेंडर. अस्सल, स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही. तिचा हिरमोडच झाला. पण तेलाची खरी परीक्षा पहिल्या वासावर होत नाही. वरचा वास उडू द्यायचा आणि तळाला काय उरतं ते बघायचं. जेवण झाल्यावर तिनं पट्टी पुन्हा नाकाशी धरली.

दाढीचा साबण. जुनी लोकर. थोडी तंबाखू. भाऊजी अगदी खांद्यामागे येऊन उभे राहिल्यासारखे.

नाक थकलं असेल, ती स्वतःला म्हणाली. अशा वेळी हुंगणारी माणसं आपल्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसतात. स्वतःच्या कातडीचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं. तिनं तसं केलं आणि पट्टी पुन्हा उचलली. वास तोच होता.

तिनं पट्टी शेजारच्या सहकाऱ्याला दिली.

"लव्हेंडर होतं," तो म्हणाला, आणि पट्टी घाईघाईनं खाली ठेवली. "हा माणूस कोण आहे?"

तेलवाल्या बाईंची खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. पांढऱ्या भिंती, स्वच्छ टेबल, रांगेत बाटल्या. बाईही साध्याच, टॉवेलला हात पुसत बाहेर आल्या.

"तेलात काय मिसळता?"

"काही नाही. झोप कुणामुळे लागत नाही ते विचारते, आणि त्या माणसाचा न धुतलेला कपडा मागते."

"कशाला?"

"तेलाला समजायला नको?"

"भाऊजींचा कोट परत द्या."

बाईंनी वाद घातला नाही. कपाटातून कोट काढून दिला. धाकटीनं कॉलरमध्ये नाक घातलं, मग बाहीत, मग अस्तरात. साबणाचा नाही, तंबाखूचा नाही, धुळीचाही नाही. लोकरीला लोकरीचासुद्धा वास नव्हता. आता मात्र तिला भीती वाटली.

"माझ्या बहिणीला यापुढे तेल देऊ नका."

"दुसरी बाटली त्या गेल्या आठवड्यातच घेऊन गेल्या," बाई म्हणाल्या.

"दुसरी? झोप लागते ना तिला आता?"

"लागते. पण मध्येच जाग येते म्हणाल्या. एकट्या राहणाऱ्या कुणाची तरी काळजी वाटते. जेवली असेल का, घरी पोचली असेल का." बाईंनी टॉवेलची नीट घडी घातली. "निळा स्वेटर आणून दिला होता त्यांनी."

धाकटी जिना उतरली ती पळतच सुटली.

ताईचं दार उघडंच होतं.

आत लव्हेंडरचा वास दरवळत होता. ताई खिडकीशी उभी होती. चांगली झोप झालेली, शांत.

"ताई!"

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग ही कुणाला हाक मारतेय ते बघायला मागे वळली.