डोक्यावर हात ठेवून

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. आर्डिस माझी सख्खी नणंद. घडलं ते तिच्याच तोंडून ऐकलंय. आणि शेवटचं तर मी स्वतः अनुभवलंय.

अमावास्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. ऑक्टोबरातली साधी दुपार होती, नॉर्थ डकोटातली, आमच्या गावाबाहेरच्या जुन्या वास्तूंच्या पार्कातली.

आसपासच्या ओस पडलेल्या इमारती ट्रेलरवर लादून तिथे आणून ठेवल्या आहेत. त्यातलीच एक, एका वर्गाची शाळा. आर्डिसचा नवरा सेल्मर लहानपणी तिथेच शिकला, आणि म्हातारपणी पाहुण्यांना तीच शाळा दाखवायचा.

अलीकडे त्याला काही आठवेनासं झालं होतं. बायकोलाही ओळखायचा नाही. पण शाळेत शिरला की गडी घडाघडा बोलू लागे.

"बर्फाचं वादळ आलं की बाईंनी घंटा वाजवत राहायची. पोरं आवाजाच्या रोखाने येतात. पण पायांचे आवाज ऐकून मोजायचं नाही हं! डोक्यावर हात ठेवून मोजायचं. शेवटचं डोकं हाताला लागेपर्यंत दोर सोडायचा नाही."

मग तो सहलीला आलेल्या पोरांच्या डोक्यांवर हात ठेवत जायचा. पोरं खिदळायची.

हा नियम कशामुळे पडला, ते तो कधी सांगत नसे. आम्हाला माहीत होतं. त्याच्या लहानपणी अशाच एका वादळात बाईंनी बूट आपटल्याचे आवाज ऐकले, सगळी आली असं समजून घंटा थांबवली...

सेल्मरची धाकटी बहीण इंगा बाहेरच राहिली. बर्फ वितळल्यावर सापडली.

सेल्मरच्या, म्हणजे ब्रेके घराण्यातल्या पोरांची एक सवय होती. दारात बर्फ झटकताना डावा बूट दोनदा आपटायचा, उजवा एकदा. आईची शिकवण. सेल्मर सगळं विसरला, पण हे विसरला नाही.

त्या दुपारी पार्क हिवाळ्यासाठी बंद करायचं काम चाललं होतं. सेल्मरला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून आर्डिसने त्याला सोबत आणलं होतं.

"आर्डिस, आभाळ बघ. निघ आता," पार्कची देखभाल करणारा क्लेटन म्हणाला. "उंदीर काही तुझ्या चादरींना घाबरत नाहीत."

"बाकांवर चादरी घातल्या की निघालेच. तू हो पुढे. आणि बायकोला सांग, परवाचा केक फोडायला हातोडा लागला."

क्लेटन हसत गाडीत बसला.

सेल्मर खिडकीशी उभा होता.

"बाई, माझी बायको कुठे गेली हो?" त्याने आर्डिसला विचारलं.

"घरी कॉफी करतेय तुमच्यासाठी." तिला आता सवय झाली होती.

"चांगली आहे ती. जरा तोंडाळ आहे, पण चांगली आहे."

आर्डिसला हसू आलं, रडूही आलं. ती मागच्या बाकांवर चादर घालायला वाकली. सरळ झाली, तर...

खिडकीशी कोणी नव्हतं.

दार सताड उघडं. बाहेर नुसतं पांढरं.

पायऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या.

"सेल्मर!" ती ओरडली. वाऱ्याने हाक तिथल्या तिथे गिळली. शेरीफच्या ऑफिसात फोन लावला. "गाडी निघूच शकत नाही," तिकडून आवाज आला. "तुम्ही बाहेर पाऊल टाकू नका. दोघंही जाल."

मग तिला घंटा आठवली.

दोर वर्गात होता. वर्ग आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये कोट टांगायची छोटी खोली. वारा आत घुसू नये म्हणून आर्डिसने वर्गाचं दार लोटलं, आणि दोर ओढायला लागली.

टण... टण... टण...

"ये रे. आवाजावर ये. तोंडाळ बायको बोलावतेय, ये."

हात सोलवटले. ती थांबली नाही.

आणि मग... बाहेरचं दार करकरलं.

धप्. धप्.

...धप्.

दोनदा. मग एकदा.

"आलास!" आर्डिसने दोर सोडला. धावत जाऊन दार उघडलं.

सेल्मरचा कोट खुंटीवर टांगलेला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

पण खुंटी सगळ्यात खालची... लहान पोरांची.

सेल्मर नव्हता.

ती वर्गात परतली. बाकांखाली पाहिलं, शेगडीमागे पाहिलं, चादरी ओढून काढल्या. "सेल्मर, लपू नकोस रे!" आला तर आहेच, मग गेला कुठे? किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. घंटा गप्प होती.

तेवढ्यात तिचं लक्ष जमिनीवर गेलं.

ओले ठसे. बुटांचे. तिच्या तळहाताएवढे.

ती किंचाळत दोराकडे धावली.

पुढे रात्रभर घंटा वाजत होती.

सकाळी वादळ थांबलं. सेल्मर पाण्याच्या पंपाजवळ गोठून गेलेला सापडला, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. अंगात नुसता शर्ट. तोंड शाळेकडे. सरळ आवाजाच्या रोखाने येत होता, आणि तिथेच थांबला होता.

डॉक्टर म्हणाले, गारठलेला माणूस भ्रमात कपडे काढून टाकतो. काढत असेल. पण तो कोट आत आणून टांगला कोणी?

आर्डिसला विचारलं, तर "मी डोक्यावर हात नाही ठेवला," एवढंच म्हणते.

तेव्हापासून वादळ आलं की ती शाळेत जाऊन बसते. मागच्या हिवाळ्यात तिला परत आणायला मी गेले, आणि अडकले. ती दोर ओढत होती. मी कान झाकून बसले होते. तरीही ऐकू आलं.

धप्. धप्.

...धप्.

आर्डिसने माझ्या हातात दोर दिला. "तू ओढत राहा, सोडू नकोस," म्हणाली. मग दार उघडून तिने अंधाऱ्या खोलीत हात पुढे केला, कमरेच्या उंचीवर.

"एक," ती म्हणाली.

मला दोरासकट दाराशी ओढून तिने माझा मोकळा हात तिथेच टेकवला.

लोकरीची टोपी होती. भिजलेली. बर्फासारखी गार.

आर्डिसने स्वतःचा हात वर नेला, सेल्मरच्या उंचीला. हवेत चाचपडत राहिली. इकडे. तिकडे. पुन्हा इकडे.

"तो नाही आला अजून," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून दोर घेतला.

यंदा क्लेटनने दोर काढून टाकलाय. शाळेला कुलूप आहे.

आज सकाळपासून बाहेर नुसतं पांढरं आहे. आर्डिस फोन उचलत नाहीये... आणि घंटा वाजायला लागलीय.