बावीस मिलिमीटर

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढला की त्या जागी आम्ही एक खूण सोडून येतो. तांदळाच्या कणीएवढी असते. सुईतून आत ढकलायची, सोनोग्राफीच्या पडद्यावर छोटी पांढरी रेघ दिसली की काम झालं. पुढे औषधांनी गाठ दिसेनाशी झाली तरी नेमकं कुठे कापायचं ते सर्जनला या खुणेवरून कळतं. पूर्वी ती धातूची असायची आणि जन्मभर आत राहायची. आताची वर्षभरात शरीरातच विरून जाते. बायकांना ही गोष्ट फार आवडते, आणि एके काळी मलाही आवडायची.

माझ्या धाकट्या बहिणीच्या गाठीचा तुकडा मीच काढला. घरच्या माणसावर हात चालवू नये असं सगळे म्हणतात, पण ती ऐकेना. ‘ताई असताना परक्याच्या सुया कशाला टोचून घेऊ?’ म्हणाली. तुकडा नीट निघाला. खूण सोडायच्या वेळी ती आपल्या सासूची नक्कल करत होती आणि स्वतःच हसता हसता हलली. सुई सरकली. ‘हलू नकोस गं,’ म्हणत मी तशीच खूण सोडली. नंतर काढलेल्या मॅमोग्राफीच्या फिल्ममध्ये ती गाठीच्या खाली दिसली, बावीस मिलिमीटरवर, थोडी आतल्या बाजूला.

अशा वेळी काय करायचं ते मी दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. रिपोर्टात एक ओळ लिहायची, की खूण गाठीच्या जागी नाही, अमुक इतकी खाली आहे. त्यात लाजण्यासारखं काही नसतं, अधूनमधून होतंच. पण आठवड्यापूर्वीच मी विभागप्रमुख झाले होते, आणि ज्यांना डावलून झाले ते माझ्या चुकीवर टपून बसले होते. मी लिहिलं, ‘खूण योग्य जागी.’ औषधांचे पाच महिने हातात होते, मधे कधीतरी सर्जनच्या कानावर घालू असं ठरवलं. नाहीतरी ती विरणारीच खूण, असंही मनाला सांगितलं.

ते कानावर घालायचं राहिलं. आज-उद्या करत राहिलं, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी ते राहू दिलं. गाठ दिसेनाशी झाली. सर्जनने खुणेभोवतीचा भाग काढला, त्यात रोग सापडला नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. सव्वा वर्षाने रोग वरच्या, मूळ जागी परत आला. तोवर तो हाडांत पोचला होता. बहीण शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘ताईने नेमकी खूण करून ठेवली होती, माझंच नशीब फुटकं.’ मी शेजारी मूग गिळून बसलेली असायचे.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी हे सुरू झालं.

आमच्याकडे फिल्म काढणाऱ्या बाईंना सगळे मोजपट्टी म्हणतात. इंचाइंचाने जगणाऱ्या जगात त्या मिलिमीटरने जगतात. त्या दिवशी एका शिक्षिकेच्या गाठीत मी खूण सोडली होती. मोजपट्टी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘मॅडम, खूण सहा मिलिमीटर खाली आहे.’

‘मशीनचा दाब सुटला की सरकते कधी कधी.’

‘सरकते,’ त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

सोनोग्राफीत मी ती गाठीच्या मधोमध पाहिली होती. पुढच्या बाईच्या वेळी फरक अकरा आला, त्यापुढच्या वेळी सतरा. मी खुणांची पेटी बदलली. इंजिनियरला बोलावून मशीन तपासून घेतलं. त्याने दोन दिवस सगळं उघडून पाहिलं आणि मशीनला काही झालेलं नाही, असं लिहून दिलं. त्याच पेटीतल्या, माझ्या हाताखालच्या डॉक्टरने सोडलेल्या खुणा जागच्या जागी बसत होत्या. चौथ्या बाईच्या फिल्मवर मोजपट्टींनी दोन बिंदू ठेवून रेघ ओढली आणि आकडा वाचला. बावीस, थोडी आतल्या बाजूला.

मी खुर्चीत बसले.

त्यानंतर आकडा हलला नाही. बाई कृश असो की स्थूल, गाठ डावीकडे असो की उजवीकडे, पडद्यावर माझ्या डोळ्यांदेखत मधोमध बसलेली खूण फिल्मवर बावीस मिलिमीटर खाली यायची. ‘मॅडमचा हात जड झाला,’ असं विभागात हसून बोललं जाऊ लागलं. मी दरवेळी रिपोर्टात ती ओळ लिहायचे. परक्या बायकांसाठी लिहिताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, आणि याचीच मला जास्त चीड येते.

वर्ष उलटल्यावर त्यातल्या काही बायका पुन्हा तपासायला आल्या. इतरांनी सोडलेल्या खुणा विरून गेल्या होत्या. माझ्या तशाच होत्या, पांढऱ्या आणि ठळक, सकाळीच सोडल्यासारख्या. त्या आठवड्यात मी मनगट दुखतं म्हणून सांगितलं आणि सुई खाली ठेवली. पुढची तीन वर्षं मी फक्त रिपोर्ट वाचले.

मग भाची आली.

बहिणीची एकुलती एक लेक. दर रविवारी माझ्याकडे यायची, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि डबा भरून न्यायची. मला दुसरं कुणी नाही. तिला आईसारखीच गाठ लागली होती.

‘मावशी, तूच कर,’ ती म्हणाली.

‘माझं मनगट धड नाही गं. आमचे डॉक्टर चांगले आहेत.’

‘आईचंही तूच केलं होतंस.’ एवढं बोलून ती टेबलावर आडवी झाली आणि हात डोक्याखाली घेतला. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

ती अजिबात हलली नाही. तुकडा निघाला. खूण सोडली. पांढरी रेघ गाठीच्या मधोमध दिसली. मी मोजपट्टींना मुद्दाम आत बोलावलं.

‘कुठे आहे?’

‘मधोमध.’

‘नक्की?’

‘मॅडम, म्हणाल तर सही करून देते.’

फिल्म काढली. बावीस.

मी दुसरी खूण सोडली. पुन्हा मधोमध, पुन्हा मोजपट्टींनी पाहिली. पुन्हा फिल्म. आता गाठीत काहीच नव्हतं आणि खाली, त्या जागी, दोन खुणा एकमेकींना चिकटून होत्या.

मोजपट्टींनी पहिल्यांदाच आकडा वाचला नाही. मान खाली घालून त्या बाहेर गेल्या आणि दार लोटून घेतलं.

भाची उठून बसली होती. पडदा तिच्या समोरच होता. ‘गाठ वर आहे आणि खुणा खाली,’ ती म्हणाली. ‘असं का?’

सरकते कधी कधी. शब्द तयार होते. तेवढं बोलून रिपोर्टात ती ओळ लिहिली असती तर सर्जन चुकला नसता, आणि रविवारी ती डबा न्यायला आली असती. खरं सांगितलं तर ती पुन्हा माझ्या दारात उभी राहणार नव्हती.

मी तोंड उघडलं, आणि ते शब्द काही केल्या बाहेर येईनात.

‘तुझ्या आईची खूण मी इथेच सोडली होती,’ मी म्हणाले. ‘चुकून. पण मला त्याच दिवशी कळलं होतं. मी खोटं लिहिलं. सर्जनने चुकीची जागा कापली. ती माझ्यामुळे गेली.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘आईने सांगितलं. तू आपणहून बोलेपर्यंत विषय काढायचा नाही, असंही म्हणाली.’

म्हणजे बहिणीला कळलं होतं. तेव्हा, त्या पलंगावर, सगळ्यांसमोर माझं कौतुक करत असताना. मला भरून आलं. ‘कधी बोलली ती तुझ्याशी? शेवटच्या दिवसांत?’

‘नाही. गेल्या महिन्यात.’ भाची शांतपणे गाऊनचे बंद बांधत होती. ‘गाठ माझ्या कुठे लक्षात आली होती? तिनेच माझा हात धरून गाठीवर ठेवला. मग थोडा खाली आणला आणि म्हणाली, ताई खूण इथे ठेवेल, मग बोलेल.’