निजलेल्या पोरीचं माप

दिराचं लग्न आठवड्यावर आलं तरी प्रेमाच्या घरात आहेराचं बोटभर कापडसुद्धा आलेलं नव्हतं. गिरणी संपात गेली तेव्हापासून नवरा, लवू, कुर्ल्याला एका गॅरेजात लागला होता. तिथे रविवार नाही की सण नाही. म्हणजे बाजारहाट हिच्याच गळ्यात. नव्या नवरीला साडी, दिराला पँटपीस आणि जयूला एक बरासा फ्रॉक, एवढं झालं की कणकवलीची एसटी पकडायला मोकळे.

जयू ही तिची पाच वर्षांची लेक. नुकतीच गोवरातून उठलेली. तापाने पोरीचं पाखरू झालं होतं, आणि प्रेमाचा जीव तर मुळातच एवढासा. पोर शिंकली तरी ही मीठमोहऱ्या ओवाळायला उठायची. उशाखाली ठेवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा कडू वास अजून खोलीतून गेला नव्हता. असल्या पोरीला मे महिन्याच्या उन्हात घाटकोपरच्या बाजारात न्यायची कशी?

दुपारी मऊ भात खाऊन जयू निजली. प्रेमाने शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढला आणि पोरीच्या अंगावर धरला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक गाठ. छातीच्या घेराला दुसरी. दंडाला तिसरी. जयू जराही हलली नाही.

सासूबाई उंबऱ्याशी सुपारी कातरत बसल्या होत्या. आडकित्ता मध्येच थांबला.

"काय करतंस गो?"

"माप घेते, आये. फ्रॉकाचं."

"निजलेल्या माणसाचा माप घेवचा नाय. तिरडी बांधतत तेवा लावतत असो दोरो. उठव तिका. उभी कर."

प्रेमाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पण उठवली की पोर मागे लागणार, रडून ताप चढवून घेणार. आणि माप तर घेऊन झालंच होतं. तिने दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि चपला घातल्या. सासूबाई मागून काहीतरी पुटपुटल्या, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

स्टेशनासमोरच्या रस्त्यावर साडी मिळाली, पँटपीसही मिळाला. जूनमध्ये पोरीला शाळेत घालायची म्हणून फुटपाथवर एक अंकलिपी घेतली. तिच्या पानांचा कोरा वास घेऊन प्रेमाला उगाच बरं वाटलं. आपण सातवीपर्यंत शिकलो, ही तरी पुढे जाईल. फ्रॉकाचं मात्र कुठे जमेना. जो तो विचारी, "बेबी कुठाय?" आणि दोरा दाखवला की मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळे.

असं करत करत ती एका बोळात शिरली. भर दुपारी तिथे सावली होती. दुकानदार जेवून लवंडले होते, सगळी शटरं खाली. एकच शटर अर्धं वर होतं. आत खळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, छताला कुरकुरणारा पंखा आणि गादीवर भिंतीला टेकून पेंगणारा म्हातारा शेठ. तिन्ही भिंतींना लहान मुलींचे फ्रॉक टांगलेले. पंख्याच्या वाऱ्याने ते हलत होते, सगळे एका बाजूला, मग सगळे दुसऱ्या बाजूला.

"या बेन. बेबी कुठे आहे?"

"घरी निजलीय. माप आणलंय मी." तिने पदराची गाठ सोडली.

दोरा दिसताच शेठची झोप उडाली. "दोऱ्यावर आपण माल नाय देत. बेबीला घेऊन या."

"आजारातून उठलीय हो. ऊन केवढं आहे! आणि परवाची आमची गाडी."

"मग परत आल्यावर घ्या."

"अहो शेठ, काकाच्या लग्नात काय जुन्या फ्रॉकात मिरवू तिला? बायका मला नावं ठेवतील."

शेठने शटराखालच्या उजेडाकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तो घाईने उठला. "पटकन बघा. पटकन. एक फ्रॉक घ्या आणि जा."

प्रेमाला अबोली रंगाचा, छातीवर चुण्यांचं काम केलेला एक फ्रॉक आवडला. तिने दोरा लावून पाहिला. "हा अगदी बेताचा होतो. वाढत्या अंगाचा द्या. दोन वर्षं तरी पुरला पाहिजे."

शेठ मोठं माप काढायला वळला आणि तेवढ्यात शटराखालून वाकून एक बाई आत आली.

नऊवारी नेसलेली, प्रेमाच्याच वयाची. गिरणगावातल्या बायका पूर्वी नेसायच्या तसलं जाडंभरडं पातळ, पण स्वच्छ. ती बाकावर बसली तसा दुकानातला डांबराच्या गोळ्यांचा वास मागे पडला आणि कडुलिंबाचा वास आला. प्रेमाला वाटलं, आपल्याच लुगड्याला घरचा वास लागलाय.

"लेकीला का?" बाईने विचारलं. आवाज मऊ होता.

"हो."

"माझी पण एवढीच." तिने मूठ उघडली. मुठीत पांढरा दोरा होता, नुकताच रिळावरून तोडावा तसा. त्यालाही तीन गाठी. "तुम्ही मोठा घेताय."

"घ्यायलाच लागतो ना. पोरी काय, बघता बघता वाढतात."

"माझीला बेताचाच लागतो," बाई म्हणाली. "दर वर्षी तेवढाच."

शेठ पाठमोरा उभा होता. त्याचे हात फ्रॉकांच्या गठ्ठ्यात तसेच थांबले होते.

"गोवर आला होता का तुमचीला?"

"हो... पण उठली आता."

"उठली..." बाईने तो शब्द तोंडात घोळवला. "मी माप घेतलं तेव्हा माझी निजलेली होती. मला वाटलं, लागलाय डोळा. शेजारीण म्हणाली, अगं, ठेव तो दोरा..." मग हात पुढे करून म्हणाली, "बघू तुमचं?"

प्रेमाला नाही म्हणायचं होतं. पण बाईने दोरा तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला होता. तिने दोन्ही दोरे बाकावर शेजारी शेजारी ताणून धरले. गाठीला गाठ लागली. पहिली, दुसरी, तिसरी. केसाचाही फरक नव्हता.

"एकाच अंगाच्या," बाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

छताचा पंखा कुरकुरत कुरकुरत थांबला. वीज गेली होती. शटराखालची उजेडाची पट्टी तेवढी राहिली, पण बाकापर्यंत ती पोचत नव्हती. वारा नसताना भिंतीवरचे फ्रॉक अजून सळसळत होते.

"बेन!" शेठ ओरडला. "दोरा घ्या तुमचा! आधी दोरा घ्या!"

प्रेमा बाकावर चाचपडू लागली. तिची बोटं दुसऱ्या बोटांना लागली. ती तापात फणफणलेल्या पोराच्या अंगासारखी कढत होती. त्या बोटांखालून एक दोरा तिच्या हातात आला, की कुणी तो हातात दिला, ते तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

शेठने शटर धाडकन वर केलं. बाकावर कोणी नव्हतं, दुसरा दोराही नव्हता.

"तुमचाच आहे ना?" शेठने विचारलं.

"असेल... पांढराच होता माझा..."

"असेल नको, बेन. नक्की बोला."

प्रेमाने दोरा उलटसुलट करून पाहिला. पांढरा दोरा, तीन गाठी. तिला काय ओळखू येणार? शेठने मोठ्या मापाचा अबोली फ्रॉक तिच्या पिशवीत कोंबला आणि पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले.

घरी आली ती पळतच. जयू उठून आजीजवळ लाह्या खात बसली होती. प्रेमाने तिला उभी केली आणि दोरा लावला. गाठ बरोबर गुडघ्यावर आली. जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. त्या बाईचा दोरा असता, तरी गाठ इथेच आली असती.

लग्न झालं. अबोली फ्रॉक गुडघ्याखाली चांगला चार बोटं येत होता. "वाढत्या अंगाचा घेतलंस, शाणी आसस," म्हणून गावच्या बायकांनी तिला नावाजलं. जयू मांडवभर बागडली, दोन दोन लाडू खाल्ले. प्रेमा मनात म्हणाली, उन्हाने डोकं फिरलं होतं आपलं.

पुढच्या मे महिन्यात फ्रॉक ट्रंकेतून निघाला. जयूच्या अंगात घातला. तो अजूनही गुडघ्याखाली चार बोटंच येत होता.

"कापड ताणलं असेल," लवू म्हणाला.

"कापड काय वर्षभर ट्रंकेत बसून ताणतं होय?"

"मग आमच्या खानदानात उंच आहे कोण, ते सांग. आये दाराच्या कडीला टाचा वर करून हात लावते. पोरगी काय नारळाचं झाड होणार आहे?"

प्रेमा हसली नाही. शेजारच्या मालनची मुलगी गेल्या वर्षी जयूएवढीच होती. आता जयू तिच्या कपाळाला लागत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती तपासली. "खाते-पिते ना? खेळते ना? मग झालं. काही मुलं उशिरा वाढतात." दिलेलं टॉनिक जयू आवडीने प्यायली. बाटल्यांवर बाटल्या संपल्या. शाळेच्या गणवेशाची खालची दुमड उसवायची वेळ काही आली नाही.

शेवटी एके दिवशी प्रेमाने दोरा पदराला बांधला आणि तो बोळ गाठला. शेठने तिला लगेच ओळखलं. बसा म्हणाला नाही.

"हा बदलून द्या," तिने दोरा पुढे धरला. "ती बाई आली की तिला हा द्या, आणि माझा..."

शेठने दोऱ्याला हात लावला नाही. "त्या येऊन गेल्या, बेन."

"कधी?"

"दिवाळीच्या टायमाला. कोणी दोरा घेऊन आलं की त्या यायच्या. माझा बाप या गादीवर बसायचा तेव्हापासून. तेव्हा पण एवढ्याच होत्या, आणि माप पण एकच न्यायच्या. बाप मला सांगून गेला, दोऱ्यावर माल द्यायचा नाय. मी ऐकला नाय तुमच्यासाठी." तो गादीची चादर नीट करत राहिला. "या वेळी कोणी दोरा आणला नव्हता, तरी आल्या. खूष होत्या. मोठा माप मागितला."

"मोठं...?"

"बोलल्या, आता पोर वाढायला लागली."

प्रेमा घरी कशी आली ते तिला कळलं नाही. चुलीपुढे ती दोरा घेऊन बसली. टाकावा आत, राख व्हावी, सुटावं एकदाचं. हात ज्वाळेपर्यंत गेलाही. पण जाळला, आणि तो जयूचाच निघाला तर? तिने तो परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि डबा देवांच्या मागे सरकवला. लवूला सांगितलं असतं तर तो हसला असता. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या. म्हणून तिने दोघांनाही काही सांगितलं नाही.

जयूला सातवं सरलं. वर्गातल्या मुलांच्या तोंडांना खिडक्या पडल्या. फटीतून जीभ काढून ती एकमेकांना चिडवत. जयूचे दात मात्र जसेच्या तसे, बारीक, पांढरे. रोज सकाळी दात घासताना प्रेमा एकेका दाताला बोट लावून पाही. एक हलू दे, देवा. एकच. एक हलला तरी मी समजेन.

आणि एका रविवारी सकाळी, ती नळावरून हंडा घेऊन चढ चढत होती तेव्हा वरून सासूबाईंची हाक आली.

"गो प्रेमा! ये बेगीन! चेडवाचो दात पडलो!"

हंडा हिंदकळला, अर्धं पाणी अंगावर सांडलं, तरी ती धावली. सासूबाई दारात उभ्या होत्या. तळहातावर तांदळाएवढा दात. "गोधडी घडी करतंय, तर ह्यो पडलो. रातीचो पडलो असतलो, तिका कळाक पण नाय." म्हातारीने तो शेणाच्या गोळीत घातला आणि नवा लवकर येऊ दे म्हणत पत्र्यावर भिरकावला. गोळी पत्र्यावर टणकन वाजली.

प्रेमाच्या डोळ्यांना पाणी आलं. दोन वर्षं छातीवर धरलेला दगड कुणी उचलून घ्यावा तसं झालं. तिने जयूला उचललं, उंबऱ्यावर उजेडात बसवलं. "बघू माझ्या बाळीची खिडकी. आ कर. मोठा आ."

जयूने आ केला.

प्रेमाने पाहिलं. मग बोट घालून पाहिलं. खालची ओळ, वरची ओळ. एका दाताशेजारी दुसरा, कुठे फट नाही, कुठे रक्त नाही. तिने एकेक दात दाबला. एकही हलला नाही.

बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "वरचो की खालचो गो?"

प्रेमाने जयूच्या तोंडातून बोट काढलं. खोलीत गोधड्यांची अर्धवट घडी पडली होती, आणि तिच्यातून कडुलिंबाचा वास येत होता.

"खालचा, आये," ती कशीबशी म्हणाली.

जयूने तोंड मिटलं. मग आईच्या गळ्यात हात टाकले, कानाशी तोंड आणलं आणि आजीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"खालचा नाही गं... वरचा."