वाळवणाच्या खोलीतली अकरा खोकी

डॉक्टरसाहेब लाँड्रीच्या दारात उभे होते आणि नखशिखांत चमचमत होते!

"सकाळपासून तीन पेशंटनी विचारलं, जादूचे प्रयोग किती वाजता?" ते गरजले. "मी पांढरा कोट धुवायला दिला होता! हा सर्कशीतला झगा कुणी मागितला?"

लाँड्री चालवणाऱ्या मावशीनं कोट झटकला. चंदेरी भुकटी उडाली आणि थेट तिच्याच नाकावर बसली. तिची नजर गर्रकन वळली ती सुट्टीला आलेल्या भाचरांकडे.

"तुमची ती चित्रांवरची चमकी! कपड्यांत खेळलात ना? उद्याच्या गाडीनं दोघंही घरी!"

मुंगीनं बोटांवर मोजलं. सुट्टीचे अजून बारा दिवस बाकी होते! चणीनं लहान म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिच्या धाकट्या भावाला भोपू का म्हणत, ते त्यानं लगेच दाखवून दिलं.

"आम्ही चमकी आणलेलीच नाहीए!" तो असा किंचाळला की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं.

"पुरावा आहे?" मावसबहिणीनं विचारलं. घरात हिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नव्हतं, म्हणून ही वकीलबाई. "पुराव्याशिवाय आई ऐकायची नाही. चला, शोधू या!"

तिघं दुकानामागच्या वाळवणाच्या खोलीत शिरली. दांड्यांवर चादरी लटकत होत्या आणि भिंतीवरचा हीटर मोठ्या पंख्यातून गरम हवा फेकत होता. आत नुसती भट्टी! कोपऱ्यात खोकी रचलेली होती. प्रत्येकावर लिहिलं होतं, 'न नेलेले कपडे'.

"गेल्या सुट्टीत चारच होती," मुंगी म्हणाली. "आता अकरा!"

"म्हणजे निम्मा गाव उघडाच फिरतोय की काय?" भोपू खिदळला.

पण मुंगीचं लक्ष खालच्या खोक्याकडे गेलं. त्याचा कोपरा फाटला होता. हीटरचा झोत नेमका तिथेच बसत होता आणि चिमूट चिमूट चंदेरी भुकटी उडून चादरींवर बसत होती. तिनं वाकून फटीतून पाहिलं. आत कागदी नळ्या, वाती, बारीक काड्या.

"रॉकेटं!" भोपूनं हात पुढे केला. मुंगीनं तो फटकन मागे ओढला.

"हे बाबांचं अक्षर आहे," वकीलबाई पुटपुटली. आणि तिनं खोक्यावरच्या शब्दांकडे बोट दाखवलं.

वकीलबाईच्या बाबांचा, म्हणजे काकांचा, धंदा आतषबाजीचा. गावाबाहेर, नदीकाठी त्यांचं गोदाम होतं. गेल्या वर्षी मॅचनंतरच्या आतषबाजीत त्यांचा सगळा माल दमट निघाला. अख्खं मैदान मान वर करून बसलेलं, आणि आकाशात फक्त फुस्स! तेव्हापासून काकांनी पणच केला होता की माल कोरडा राहिला पाहिजे. गावातली सगळ्यात कोरडी जागा त्यांनी शोधली ती ही. मावशीला पत्ताच नव्हता!

मुंगीनं छताकडे पाहिलं. बरोबर वर बंबवाल्या आजोबांची खोली होती! आजोबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले. जिना उतरायला त्यांना पाव तास लागायचा.

ती धावतच वर गेली. आजोबांनी ऐकलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"हीटर चालू आहे?"

"हो."

"एका गोदामात असाच ओला माल हीटर लावून वाळवला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "काडी कुणी ओढली नव्हती, पोरी; उष्णतेनंच पेट घेतला. मालक म्हणाला, पुढची दोनच खोकी तेवढी वाचवा. माझा जोडीदार आत गेला." आजोबांनी कानाला हात लावला. "माझा एक कान गेला. तो तर अख्खाच गेला."



"खोक्यांना हात नाही, ओढाओढ नाही," आजोबांनी फोन उचलला. "बोळातला मेन स्विच बंद करा. सगळ्यांना रस्त्यापलीकडे काढा. बंब मी बोलावतो."

खाली काका आलेच होते. बंब बोलवा म्हणून वकीलबाई त्यांना विनवत होती.

"अगं, काही होत नाही! काडी लावल्याशिवाय उडतो का फटाका?" काकांनी बाह्या सरसावल्या. "बंब आला तर अब्रू जाईल. मीच हलवतो पटापट."

समजावत बसायला वेळ नव्हता. काकांना आपला फोटो किती आवडतो, हे मुंगीला माहीत होतं.

"काका, तुमच्या मालाबद्दल विचारायला माणसं येताहेत! फोटोही काढतील. रस्त्यापलीकडे थांबा!"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. काकांच्या बाह्या खाली आल्या, खिशातून कंगवा वर आला आणि स्वारी रस्त्यापलीकडे!

मुंगीनं आजोबांचा निरोप सांगताच वकीलबाईनं बोळातला स्विच पाडला. पंखा घरघरत थांबला.

"लाँड्री रिकामी करा!" भोपूनं आरोळी ठोकली. मावशी कुणाची तरी विजार छातीशी धरून धावली.

"आजोबा वर आहेत!" मुंगीनं अजून दारातच तणतणणाऱ्या डॉक्टरांचा हात धरला. डॉक्टरांनी चमचमता कोट फेकला, चार ढांगांत जिना चढले आणि आजोबांना पाठीवर घेऊन उतरले.

घंटा वाजवत बंब आला. काका हसऱ्या चेहऱ्यानं पुढे झाले.

"माल तुमचाच?" बंबावरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

फोटो निघाले, पण खोक्यांचे. खोली निवल्यावर जवानांनी एकेक खोकं तान्ह्या बाळासारखं उचलून आणलं. खालचं खोकं अजून इतकं गरम होतं की त्यावर हात ठेववत नव्हता.

"पंखा आणखी तासभर चालला असता तर?" मावशीनं विचारलं.

अधिकाऱ्यांनी फक्त वरच्या खिडकीकडे पाहिलं. मावशीनं मुंगीला आणि भोपूला घट्ट जवळ ओढलं.

"चुकलं माझं, बाळांनो. सुट्टी संपेपर्यंत कुठे जायचं नाही!"

"अशा वेळी मोठमोठी माणसं माल वाचवायला आत पळतात," अधिकारी तिघांना म्हणाले. "तुम्ही माणसं बाहेर काढलीत. शाब्बास!"

काका मात्र आजोबांसमोर मान खाली घालून उभे होते. "वर तुम्ही असता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ते कसंबसं म्हणाले.

"चला," अधिकारी म्हणाले. "ऑफिसात जबाब द्यावा लागेल."

काका एकटेच गाडीकडे निघाले. वकीलबाई त्यांच्यामागे धावली. आता ती काय वाद घालणार, म्हणून मुंगीनं कान टवकारले.

"मी तुमची बाजू घेणार नाही, बाबा," वकीलबाई म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. "पण सोबत येते."